कान न टोचलेली

एकोणीस झाली. विसावं मुरादाबादहून निघालंय.
चकमकीची पिस्तुलं, नक्कल सगळी:
शिसवीचा दस्ता, पितळी टोपी,
घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेला
गारगोटीचा एकच दात.
लोणच्याच्या बरण्या खाली उतरवून
मी फडताळाचे दोन कप्पे रिकामे करून दिले.

हे सांगतात, खऱ्याला एक कान असतो.
नळीच्या बुडाशी, सुईएवढं भोक.
रंजक पेटते, आग कानातून आत जाते, मग बार.
यांचे कान टोचलेलेच नाहीत.
इतवारीतला ढोमणे म्हणाला,
"द्या इकडं, दोन मिनिटांचं काम.
सोनारानंच टोचावे कान."
हे हसले नाहीत. पिशवी उचलली
आणि जिऱ्या-मोहरीची यादी खिशात तशीच घेऊन घरी आले.

निवडणूक लागली.
हत्यारं जमा करा, असं पेपरात आलं.
गेले वाडीच्या ठाण्यात, दोन थैल्या भरून.
हवालदारानं एक उचललं, शिपायाच्या पाठीला लावलं,
"ठो!"
मग म्हणाला, "काहून तरास घेता काका,
घेऊन जा हे खेळणे."
मे महिना. शेहेचाळीस डिग्री.
येऊन कूलरसमोर बसले
आणि फडक्यानं एकेक पुसत राहिले.
स्वतःचा घाम शेवटी.

तेहतीस वर्षं अंबाझरीच्या कारखान्यात,
फ्यूजच्या खात्यात.
किती केले, त्याची नोंद असेल कुठंतरी.
कुठं फुटले, ते विचारायचं नसतं.
त्र्याऐंशी साली चाचणीच्या मैदानावर
एक वेळेआधी उडाला.
डावा कान तिथंच राहिला.

रात्री लाईट जाते,
तेव्हा एक हातात घेतात.
घोडा मागे. खट्.
चाप.
ठिणगी. क्षणभर दिसतं नाक, चष्म्याची काडी,
दाढीचे खुंट.
दगडावर दगड घासल्याचा वास येतो
आणि काही होत नाही.
ते काही न होणं
हे इतकं लक्ष देऊन बघतात
की मीही श्वास रोखते.

मी बसते ती डाव्या बाजूला.
तिथून बोलून घेते काय काय:
गुडघ्याचं, न आलेल्या पोराचं,
सकाळच्या भोंग्यानंतर संध्याकाळपर्यंत
घरात बसून ऐकत राहण्याचं.

"काही म्हणालीस?"

"नाही. अजून एकदा ओढा."