अजून एक

शाल्मली मोजते: एक, दोन, तीन, पाच.
चार तिला आवडत नाही,
आणि मी सध्या भांडत नाही.

ॲबर्डीनच्या आमच्या रस्त्यावर
इकडे विषम घरं, समोर सम.
ती विचारते, दोन नंबर एकाशी बोलत नाही का?
बोलतो की, मी म्हणते,
फक्त रस्ता ओलांडावा लागतो.

चर्चमागच्या झाडाखालचे कॉंकर
आम्ही टोपीत भरून आणले,
तपकिरी, तुकतुकीत, घोड्याच्या डोळ्यांसारखे.
मी त्यांना सागरगोटे म्हणते.
तिच्या मुठीत दोनच मावतात,
तेव्हा दोन म्हणजे किती, हे मूठ शिकवते, मी नाही.
एक वर उडवायचा, तो येईतो बाकीचे उचलायचे.
तिचे सगळेच सोफ्याखाली जातात.
मग दोघी पोटावर पडून अंधारात बघतो.
"तीन," म्हणते ती, न मोजता,
जिन्यावरची पावलं ओळखावीत तशी.

बाबा तेलाच्या रिगवर. एकवीस दिवस.
एकवीस तिच्या अंगाला फार मोठा होतो,
मावसभावाच्या स्वेटरसारखा.
म्हणून निळ्या वाडग्यात एकवीस सागरगोटे,
रोज निजताना एक पांढऱ्या वाडग्यात.

सहाव्या रात्री निळा वाडगा भलताच हलका.
ती पडद्याशी, हात पाठीमागे:
"मी जरा भरभर मोजलं."
रागावणारच होते.
पण केवढी ही समज,
की ढीग सरकवला तर माणूस जवळ येतो!
परत मोजून सगळे जागी ठेवले.
त्या रात्री तिने चारसुद्धा म्हटलं.

शेवटचा सागरगोटा पडला, टक्कन.
आणि समुद्रावरून धुकं आलं.
इथे त्या धुक्याला हार म्हणतात,
मला दर वेळी मराठीतच ऐकू येतं.
हेलिकॉप्टर उडालं नाही.
निळा वाडगा रिकामा, दारात कुणी नाही.
हिशेब बरोबर आणि उत्तर चूक,
हे छत्तिसाव्या वर्षीही मला समजावता येत नाही.

ती रडली नाही.
गमबूट उलटे घालून मागच्या अंगणात गेली,
ओल्या पाचोळ्यात बराच वेळ वाकली,
खारीने टाकलेला, अर्धा कुरतडलेला एक घेऊन आली
आणि निळ्या वाडग्यात ठेवला.
"अजून एक," म्हणाली. "बास. एकच."

धुकं मोजता येत नाही, हे मी बोलले नाही.
पोहे केले. चमचे तिने मांडले, तीन.
मग एक परत खणात ठेवला,
खण मात्र उघडाच.