हातचं राखून

ऑक्टोबरात, हीउमा बेटाचा रस्ता खणत खणत
ती केशरी नळी अखेर आईच्या दारात आली.
जुनिपरची दोन झुडपं गेली, शेजारच्या एंडेलच्या
कुंपणाचा खांब गेला.
भरपाई म्हणून तो सफरचंदांची टोपली घेऊन गेला, आईचीच.

केबल जोडणारा पोरगा कोवळा होता.
तिला ऐकू येत नाही हे कळल्यावर
आधी मोठ्याने बोलला असणार, सगळेच बोलतात;
मग पावतीच्या पाठीवर लिहून दिलं त्याने :
आता सगळं स्वच्छ दिसेल.
तो कागद तिने फ्रिजला चिकटवला.

सहा वर्षं आम्ही तुकड्यातुकड्यांत बोललो.
मी इकडे तार्तूत, पुस्तकबांधणीतून परतलेली, बोटांना सरस;
ती तिकडे ओट्याच्या त्या एकाच कोपऱ्यात
जिथे रेंज टिकायची.
वाक्य सुरू व्हायचं आणि तिचे हात
छातीपुढे गोठायचे, चौकोन चौकोन होऊन.
आमच्या घरच्या खुणांत 'समुद्र' आणि 'उद्या'
यांत फरक एवढाच, की मनगट कुठे वळतं.
नेमकं ते वळण गाळलं जायचं.
एकदा ती म्हणाली, एंडेल उद्या जाणार.
मला दिसलं, एंडेल समुद्रात गेला.
रात्रभर जागले, सकाळी त्याच्या बायकोला
सांत्वनाचं पत्र टाकलं.
तो दाढ काढायला ताल्लिनला गेला होता.
पत्र त्यानेच फोडलं.

आणि थरथर तर पाचवीलाच पुजलेली.
तिची बोटं, खिडकीची चौकट, कॅलेंडरवरचा कोंबडा,
सगळंच थरथरायचं.
मी लक्ष देणं कधीच सोडलं होतं.

काल पहिल्यांदा नव्या लाइनवर.
काय सांगू, कोंबड्याखालची तारीख वाचता आली.
कपातली वाफ, सलग.
मागे कुंपणावर कावळा बसला, उडाला,
मधलं काही न गाळता.
आईने विचारलं, जेवलीस का?
कोंबडा स्थिर. चौकट स्थिर. कप स्थिर.
तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी
काहीतरी वळत राहिली,
सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक वळावं तशी,
प्रश्न संपल्यावरही.

किती वेळ पाहत राहिले कोण जाणे.
गोठल्याची सबब आता मलाही नव्हती.
मी पाहतेय हे तिने पाहिलं.

माझी आई जन्मात कधी हातचं राखून बोलली नाही.
तिने उजवा हात टेबलाखाली नेला
आणि एकट्या डाव्याने, जरा अडखळत, म्हणाली :
नवीन आहे ना. बसेल हळूहळू.

मी म्हटलं, हो.
इकडेही चित्र जरा हलतंय.