अर्थ

वास्कोच्या बंदरातून पोलादाची तीन वेटोळी घेऊन
इरण्णाचा ट्रेलर माझ्या दुकानापुढे थांबला
तेव्हा धारबांदोड्यात रात्रीचे साडेआठ.
म्हणाला, सरळ रस्त्यावर मागचे दिवे असतात,
वळणावर जातात.
डावा दाखवला तर उजवाही मिणमिणतो,
ब्रेक दाबला की सगळेच लाजतात.
पहाटे हुबळी गाठायचीय.
तात्पुरतं करा, मेस्त्री.

तात्पुरतं.
केबल हातात घेतली तर गाठीगाठींची,
अजगराने ओळीने उंदीर गिळावेत तशी.
पट्टी सोलत गेलो.
वरची काळी, कारवारची असेल,
खाली लाल, तिच्याखाली पिवळी,
मग दवाखान्यातली पांढरी,
आणि अगदी आत तांब्याला तांबं नुसतं पिळलेलं
कुणाच्या तरी घाईच्या बोटांनी.
प्रत्येक गाठ एकेका गावाचं तात्पुरतं.

सॉकेटचं झाकण उघडलं.
सात पिना, त्यातल्या चार हिरव्या.
खारा वारा तांबं चावत नाही, चाटून खातो.
पण रोग तिथं नव्हता.
पांढरी वायर, अर्थची,
सॉकेटच्या वीतभर अलीकडेच कापून सोडलेली.
इतकी वर्षं करंट घरी परतत होता
घोड्याच्या पाटातून, किंगपिनमधून,
ग्रीसच्या चिखलातून वाट काढत.
गाडी सरळ असेतो लोखंड लोखंडाला टेकायचं,
वळली की सुटायचं.

इरण्णाला म्हटलं, अर्थ लागत नाही.
तो म्हणाला, मलाही.

जायची वायर सगळे नीट ठेवतात.
यायची कुणी बघत नाही.

मग चासीचा रंग खरवडला,
रुपयाएवढं पांढरं लोखंड दिसेपर्यंत.
वायरीला कडी दाबली, दातेरी वॉशर, बोल्ट,
वर ग्रीसचं बोट.
पिना घासल्या, व्हॅसलिन लावलं.
जुनी केबल फेकून अखंड नवी ओढली,
वळणाला पुरेल एवढी सैल,
रस्त्याला घासणार नाही एवढी आखूड.
हे माप कुठल्या पुस्तकात नाही.
माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली.

सत्यवती चहाची किटली उतरवून मागे गेली.
आपली पाठ आपल्याला दिसत नाही,
त्याला दुसरं माणूस लागतं.
ब्रेक!
अंधारातून तिचा आवाज: पेटलो!
दावो!
पेटलो!
उजवो!
...
उजवो गे?
ना.
बल्बचं बूड घासलं, पुन्हा बसवला.
पेटलो.
परत एकदा, ती म्हणाली.
परत एकदा झाल्यावर, अजून एकदा.
इरण्णा घड्याळ बघत होता.
खांडेपारच्या पुलाजवळ एका रात्री
तिच्या भावाला पुढचा ट्रेलर दिसला नव्हता.
हे आम्ही ड्रायव्हरांना सांगत नाही.

साडेसातशे झाले, त्याने सातशे दिले,
वर म्हणाला, तात्पुरतं सांगितलं होतं की हो.
घोड्याने दम घेतला, मोलेच्या दिशेने सुटला.
ती हात पुसत रस्त्याच्या कडेला उभी.
मीही.
वळणावर दोन तांबडे ठिपके वळले,
झाडांमागे गेले तरी
पानांवर थोडा वेळ लाल होतं.

दुकानात सोललेल्या पट्ट्या पडल्यात,
चार रंगांच्या, चिकट.
सकाळी झाडीन.