खुराड्यातली बाई

मॅनिटोवॉकच्या पुढे डांबर संपून खडी लागते,
तिथल्या एका खुराड्यात
व्हर्नन झास्ट्रोला ती सापडली.
लाल हॅट, उघडा खांदा, हातात बिअरचा ग्लास,
कपाळाच्या कडेला खिळा.

ट्रे होता. पत्र्याचा, गोल, वीतभर रुंदीचा,
काठावर जर्मन वळणाची अक्षरं : क्लाइनश्टाइगर ब्रुअरी.
फळीतलं भोक बुजवायला कुणी ठोकला,
आणि ठोकताना तिचं तोंड
कोंबड्यांकडे केलं.

"आमच्या आजोबांनी," अडलीन कुबित्झ म्हणाली,
हातातली दाण्याची बादली खाली न ठेवता.
"दारूबंदी आली. मालकाने बिअर नदीत ओतली
आणि शेवटचा पगार ट्रेमध्ये दिला,
माणशी चाळीस.
आता त्यांच्यावर ठेवायचं काय, तूच सांग.
आमचे काका त्यांवर बसून टेकडीवरून घसरायचे,
बर्फाने सगळ्या बायका पुसून टाकल्या.
ही वाचली. हिला फक्त कोंबड्यांनी पाहिलं."

व्हर्नन निवृत्त पोस्टमन. घरी दोनशे सहा ट्रे,
आणि एकतीस वर्षं एक थेंब नाही.
त्याने खिशातून भिंग काढलं.
भिंगातून ती बाई नव्हतीच :
पिवळे ठिपके, गुलाबी, करडे,
एकेका रंगाला एकेक दगड,
दगडावर चरबीच्या खडूने कुणीतरी गिरवलेली,
अकरा वेळा दाबून काढलेली
गालावरची लाली.
भिंग हटवलं की ती परत हसायची.
हे त्याला माहीत होतं. दारूचंही
काहीसं असंच असतं, त्याने सांगितलं नाही.

"किती?"
"पैशाचं राहू दे. भोकातून वारा शिरेल,
त्याचं बघ."

मग त्याने गाडीच्या डिकीतून
जुनी नंबरप्लेट काढली, फोर्डची, ती गाडी
एका झाडाखाली कायमची राहिली होती
एकतीस वर्षांपूर्वी,
आणि तेच चार खिळे, तीच हातोडी,
ट्रेच्या जागी ठोकून दिली.

घरी शिवणयंत्राचं तेल, कापूस, तीन संध्याकाळी.
विष्ठेखालून खांदा आला, मग बोटं,
मग ग्लास. काठोकाठ.
शंभर वर्षांवर झाली, फेस खाली बसलेला नाही.
कपाळावरचं भोक त्याने बुजवलं नाही.
त्यातूनच खिळा घालून टांगली,
स्वयंपाकघरात, नळाच्या वर.

आठवड्याने फोन आला.
"कोंबड्या अंडी घालेनात," अडलीन म्हणाली.
"सगळ्या नंबर वाचत बसल्यात.
आणून दे ती परत."

व्हर्नन बराच वेळ गप्प.
नळ ठिबकत होता.
"प्लेट उलटी लावून बघ," तो म्हणाला,
"आकडे बाहेर करून,"
आणि बोलताना त्याने
तिच्याकडे पाठ फिरवली.