चुंबळ

सकाळी साडेसात. जामठ्याच्या पुढे आत वळून
चौदा मजल्यांचा नुसता सांगाडा.
मे महिना. पत्र्याच्या खोलीत कूलर आहे,
कूलरमध्ये पाणी नाही.
उके साहेब म्हणाले, "बस पोरी, आधी डोकं दे,"
आणि पांढरं हेल्मेट ठेवून मागची खुंटी कचकच फिरवली.
"आता वाक. पडलं तं तुझं नाही."
पडलं नाही. आतल्या पट्ट्यावर स्केचपेननं कुणाचं तरी नाव होतं,
घामानं पुसट, अर्धंच वाचता येणारं.
कोण, ते मी विचारलं नाही.

मग हार्नेस. दोन दोऱ्या, दोन हूक.
"पाल पाहिली का भिंतीवर? एक पाय चिकटल्याबिगर
दुसरा उचलत नाही. तसं चालायचं.
मांजरासारखं नाही. मांजर हुशार असते, म्हणूनच पडते."
मी वहीत लिहिलं: एक हूक कायम लागलेला.
त्याखाली छोटी पाल काढली.

खड्ड्यापाशी नेऊन म्हणाले, "या काळ्या मातीवर इमान ठेवू नको.
सुकली की उभी राहते भिंतीवानी,
अन् बसते तेव्हा आवाज बी करत नाही."
माठापाशी थांबवून म्हणाले, "घाम गाळणाऱ्याची काळजी कमी कर.
ज्याचा घाम थांबला, त्याच्याकडे पळ."

फळ्यावर लिहिलेलं: अपघाताविना दिवस २१२.
आकडा रोज खडूनं ते स्वतः बदलतात,
बदलताना चप्पल काढतात.
थोडक्यात टळलेल्या गोष्टींची वहीसुद्धा होती. उघडली तर कोरी.
"बरंच आहे की, सर."
"काऊन बरं? कोरी म्हणजे झालं नाही, असं नाही.
बोललं नाही कोणी, असं."

सातव्या दिवशी सकाळचं बोलणं माझ्यावर आलं.
चाळीस माणसं उकिडवी, मी उभी,
हातातला कागद वाऱ्यानं नाही, हातानं हलत होता.
हेल्मेट का घालावं, याचे पाच मुद्दे.
तिसऱ्यावर मागून बिसाहिन उठली, राजनांदगावकडची,
हातात जुन्या लुगड्याची चुंबळ:
"टोपी घातली तर ही कुठं ठेवू, म्याडम?
अन् ही ठेवली तर टोपी?"

कुणी हसलं नाही.
चार वर्षं मी भार मोजलाय,
मृत भार, जिवंत भार, किलोन्यूटनमध्ये.
जिवंत भार समोर उभा होता
आणि माझ्या कागदावर चौथा मुद्दा होता.
"सांगते," म्हणाले. कधी, ते म्हणाले नाही.
त्या दुपारी काम बंद असताना तिचं भरलेलं घमेलं
डोक्यावर घेऊन पाहिलं. अकरा पावलं.
मान खांद्यात गेली. हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

गुरुवारी पाचव्या मजल्यावरून क्लॅम्प सुटला
आणि बिसाहिनच्या डोक्यावरच्या रिकाम्या घमेल्यात पडला.
देवळातल्या घंटेसारखा, असं लिहिणार होते.
तसा नव्हता आवाज. ताट फेकल्यासारखा होता.
ती मटकन बसली, घमेलं काढलं, आत पाहिलं,
क्लॅम्प पदरानं पुसून माझ्या हातात दिला.
ठेकेदार इंगोले म्हणाले, "लागलं का कोणाला? नाही ना?
मग काय लिहून राहिली तू? पोरगी शिकायला आली का नाव घालवायला?"

मी उकेंकडे पाहिलं. ते फळ्याकडे पाहत होते.
मग त्यांनी खिशातला पेन काढला,
टोपण काढूनच दिला.

पहिलं पान. पहिली ओळ. तारीख, वेळ, मजला,
घमेल्याला पोचा, खोली दोन सेंटीमीटर.
'घमेलं नसतं तर' इथपर्यंत लिहिलं
आणि तो रकाना संपला.

पंधरा दिवसांनी दोन हातगाड्या आल्या.
एकीचं चाक पंक्चर.
दुसरी बिसाहिनकडे. डोक्यावर पिवळं हेल्मेट,
जरा तिरकं, मी खुंटी फिरवून दिली.
"वाक," म्हटलं. वाकली. पडलं नाही.
चुंबळ तिनं कमरेला खोचली होती.
टाकली नव्हती.