दोणी

पुस्तकाचं नाव आठवत नाही.
लेखकाचं तर कधी माहीतच नव्हतं.
पुठ्ठा नव्हता, पहिली आठ-दहा पानंही नव्हती,
गोष्ट एका वाक्याच्या मधनंच सुरू व्हायची.

निपाणीत, विडीच्या शेडमधे
पायगोंडा अण्णा ते वाचून दाखवायचा.
वाचताना त्याचे हात अडकलेले,
म्हणून प्रत्येकीनं वीस-वीस विड्या त्याच्या सुपात टाकायच्या,
संध्याकाळी त्याची हजारी भरायला हवी.
मी नऊ वर्षांची. आईला टेकून दोऱ्याची रिळं सोडवायची.

आठवतं ते एवढंच:
एक बाई, नाक टोचलेलं पण चमकी नाही.
पुराची नदी.
आणि गळ्यात मिठाची पिशवी अडकवलेला एक माणूस
दोणीत बसून पलीकडं जातो.

दोणीत.
आमच्या गोठ्यापुढं होती की दगडी दोणी,
काठाला शेवाळ, तळाला कडब्याचा गाळ,
म्हशीनं तोंड घातलं की अर्धी रिकामी.
तीच मी नदीत सोडली.
तो मांडी घालून बसला,
आणि दगड तरंगला.
मी कुणाला विचारलं नाही. गोष्टीत चालतं तसं.

पुढं चाळीस वर्षं मी तो दगड शोधला.
वाचनालयातले बेडकिहाळे सर म्हणाले,
"दगड तरंगतो म्हणजे संतचरित्रच, दुसरं काय!"
तीन जाडजूड दिली. तिन्ही वाचली.
दगड बरेच तरंगले, मीठ कुठंच नव्हतं.
बेळगावात खडेबाजारच्या रद्दीवाल्यानं विचारलं, "रंग?"
म्हटलं, वास सांगू? जर्द्याचा.
"निपाणीची सगळीच पुस्तकं तसली येत्यात, अक्का."

हुसेनबी म्हणते मीठ नव्हतं, गूळ होता,
आणि ती बाई शेवटाला मरते.
आई जाईस्तोवर सांगत होती, मरत नाही, दुसरं घर करते.
एकाच सुपाभोवती बसून
आम्ही काय काय ऐकत होतो कोण जाणे.

मग परवा, पुतणीच्या सोयरिकीला
रायबागच्या पुढं, कृष्णेच्या काठी.
आम्ही दहा-बारा माणसं, फळांच्या करंड्या, उन्हं कलायला आलेली.
एक पोरगं पाण्याकडं धावत ओरडलं,
"दोणी बंतु! दोणी बंतु!"

आणि आली की नाव.
साधी, लाकडाची, बुडाला डांबर फासलेली.

माझं कन्नड बाजारापुरतं.
भाव कळतो, बसची पाटी कळते, रेशनवाल्याची शिवी कळते.
नदीशी कधी कामच पडलं नव्हतं.

सगळे चढले. मी काठावरच.
अण्णा वाचता वाचता मधेच थांबायचा,
पत्र्याकडं बघायचा,
आम्हाला वाटायचं, मुद्दाम ताणतोय,
बायका कातऱ्या खाली ठेवून ओरडायच्या, "सांग की रं पुढं!"
तो ताणत नव्हता.
त्या पिवळ्या कन्नड पानावरनं मान उचलून
तो आमच्यासाठी मराठी शब्द शोधत होता.
एवढ्या सगळ्या पुस्तकात
एक शब्द तेवढा त्यानं तसाच येऊ दिला.
त्याच्या घरी दोन्ही होते, नावही आणि म्हशीही.
त्याला वाटलं असेल, कळतंय.

आता पुस्तक सापडेल कदाचित.
चिकोडीत, अथणीत, कुठल्याशा कपाटात,
मला न वाचता येणाऱ्या अक्षरात.
पण त्यात नाव असणार, नुसती नाव.
आणि चमकी? चमकीला तिकडं काय म्हणतात?
नाक नाकच होतं ना?
ती बाई काठावर उभी राहून रडली,
ते तरी रडणंच होतं ना, अण्णा?

"अव्वा, हत्तरी," नावाडी म्हणाला.
चढा, एवढं कळलं.
पाय ठेवला तशी ती हलली.
मी खाली वाकून
काठ हातानं चाचपून बघितला.