बासष्ट पॉइंट तीन

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, मागच्या शेडमध्ये,
अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली,
आली तेव्हा कॉम्प्युटर स्वतःलाच ओळखेना.
निळा पडदा, परत निळा पडदा.
मल्लय्या गुंडेटी फोनवर एवढंच बोलले,
"ये की बे लवकर. मोर अडकलाय आत."

एप्रिल. कूलर कोरडा, नळाला पाणी परवा.
कशीबशी काळी खिडकी उघडली, ॲडमिनच्या हक्काने,
आणि टाइप केलं: एसएफसी, जागा, तिरपी रेघ, स्कॅननाऊ.
"फॉरमॅट मारणार नाहीस ना?"
गावात सगळे फॉरमॅटच मारतात.
पाचशे रुपये, तासाभरात पाटी कोरी.
नाही, म्हणालो, हे रफूचं काम आहे.
सिस्टीमची एकेक फाइल उलगडून बघायची,
उसवली असेल तर आतल्याच कपाटातल्या
चांगल्या प्रतीवरून पुन्हा भरायची.

"म्हणजे पेटी," ते म्हणाले.
एकतीस वर्षं त्यांनी जकार्डचे पुठ्ठे ठोकले.
एक भोक चुकलं
की हजार चादरींवर मोराची मान वाकडी.
म्हणून मूळ संच माळ्यावर, पेटीत, कुलपात.
फाटका पुठ्ठा काढायचा,
मूळ पुठ्ठा कोऱ्यावर ठेवायचा, भोकाला भोक,
आणि ठोकायचं.
कोर्सच्या सरांना हे कधी असं सांगता आलं नव्हतं.

शंभर टक्के झाले. खाली ओळ उमटली:
बिघडलेल्या फाइली सापडल्या,
त्यातल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत.
पेटीलाच कसर लागली होती.

मग दुसरी आज्ञा, डिसमची, लांबलचक,
जी कपाटच नीट करते.
वीस. चाळीस.
बासष्ट पॉइंट तीन.
चहा आला. बासष्ट पॉइंट तीन.
भिंतीपलीकडे लूम खडखडत होते,
टेबलावरचा ग्लास थरथरत होता.
"मेलं काय बे?"
मेलं नाही. इथं ते थांबतंच.
घाईनं बटण दाबलेली किती मशीनं
माझ्या दुकानात येऊन पडतात.

शेवटी तेही म्हणालं, मूळ प्रत मिळाली नाही.
नेट बंद. माझ्या पेनड्राइव्हवरची आवृत्ती नवी,
ही जुनी, आणि कपाटाला जातभाईच लागतो.

"आमची पेटी उंदरांनी खाल्ली होती एकदा," मल्लय्या म्हणाले,
"तेव्हा बिंगींकडनं संच आणला.
कोर्टात केस चालू होती त्यांच्याशी.
पण मोर एकच होता ना."
फोन लावला. तेलुगूत बरंच काही बोलले,
मला नेमली तेवढं कळलं, म्हणजे मोर.
बिंगींचा नातू स्कूटीवरून डीव्हीडी घेऊन आला,
कव्हरवर बोटभर कापसाची धूळ.

सोर्सचा पत्ता दिला. बासष्ट पॉइंट तीन,
आणि मग एकदम शंभर.
पुन्हा स्कॅननाऊ.
सापडल्या. सगळ्या दुरुस्त झाल्या.
रीस्टार्ट. पडद्यावर सिद्धेश्वराचं तळं, पाण्यात दिवे.

मोर उघडला.
तुरा, डोळा, अर्धी मान,
आणि त्याखाली नुसत्या करड्या रेघा.

सांगावं लागलं.
ही आज्ञा फक्त सिस्टीमचं सामान ओळखते, काका.
तुमचा मोर तिच्या कपाटात कधी नव्हताच.
कॉपी?
नाही.

ते काही बोलले नाहीत.
लोखंडी कपाटातून एक चादर काढली,
डागाची, सेकंडमधली, विकायची राहिलेली.
कीबोर्डाशेजारी पसरली, चष्मा कपाळावर सरकवला
आणि सुईच्या टोकानं धागे मोजू लागले,
ओकटी, रेंडू, मूडू.
मी पडद्यावरचे चौकोन भरत गेलो.
भरलेला, रिकामा, रिकामा, भरलेला.

"काका, हिची मान वाकडी आहे."
"म्हणून तर सेकंडमध्ये गेली बे.
मान मी तोंडी सांगतो. तू लिही."

पंखा मधेच मंदावायचा, परत फिरायचा.
दर दहा धाग्यांनी मी सेव्ह करत होतो.